अळणी पंधरवडा

माझ्या वडिलांबद्दल आमच्या गावात अजूनही दोन गोष्टी सांगितल्या जातात, आणि दोन्ही खोट्या आहेत. पहिली ही, की अण्णा राजा माणूस होता, दिवसाला खव्याचे तीस-तीस घाणे एकट्यानं काढायचा. दुसरी ही, की येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीनं त्याला मरणातून माघारी आणलं. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी भाताचा घास तोंडात असतानाच मला ह्या दोन्ही ऐकवल्या आणि वर म्हणाले, "तुमाला काय ठाऊक असणार ताई, तुमी तवा ल्हान होता." मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि घाणे मोजायचं काम माझ्याकडंच होतं. पण जेवणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. ते गृहस्थ तिसऱ्यांदा जिलेबी मागत होते.

आमची खव्याची भट्टी होती. येरमाळ्यापासून चौदा किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावात दूध भरपूर. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली दोन चुली, त्यांवर दोन लोखंडी कढया. सकाळचं दूध आलं की आई ते जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, अण्णा कढईत ओतायचे आणि लांब दांड्याचं उलथनं हातात घ्यायचे. पुढचा पाऊण तास ते उलथनं थांबत नसे. दूध पातळ असताना त्याचा आवाज नुसता पाण्यासारखा, मग जड होत जायचा, आणि खवा जमायला लागला की कढईच्या तळाशी खरड-खरड असा कोरडा आवाज यायचा. त्या आवाजावर मी आतून उठून बाहेर यायची, कारण खवा उतरवल्यावर कढईला चिकटलेली खरवड माझी असायची. साखर घालून, गरम भाकरीवर. माझ्या नातवंडांना मी ती चव सांगून पाहिली. त्यांना ती ऐकूनच नको झाली. असो.

एक कढई उतरली की एक घाणा. तो मोजायला मी भट्टीच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ मारायची, पाचवी रेघ आडवी. करपलेल्या घाण्याच्या रेघेवर टिंब. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर मी ह्या रेघा रोज उतरवून ठेवायची, कारण पावसाळ्यात भिंत ओली व्हायची आणि रेघा वाहून जायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. मला आकडा हरवलेला चालत नाही, इतकंच. साध्या दिवसाला नऊ किंवा दहा रेघा असत.

मग एखाद्या महिन्यात त्या वाढायला लागत. अकरा, तेरा, सतरा. अण्णांचा आवाज वाढे. गावचं दूध पुरेना म्हणून शेजारच्या दोन गावांचं दूध येई. दोन चुलींच्या चार होत, आणि चाराच्या आठ करायच्या म्हणून गोठ्याची भिंत पडे. अण्णा एसटी थांब्यावर जाऊन उतरणाऱ्या प्रत्येकाला खवा खायला घालत आणि मुंबईपर्यंत आपला खवा कसा जाणार ते सांगत. बसमधल्या लोकांना उतरवूनसुद्धा सांगत. फडकी कमी पडली म्हणून एकदा त्यांनी आईच्या नऊ लुगड्यांपैकी चार टराटरा फाडली, आणि आई समोर उभी असताना तिला म्हणाले, "आता तुला जरीची आणतो." आईनं ते तुकडे उचलून दूध गाळलं. दारात बसलेले लोक हसले. गाव त्या दिवसांत आमच्या दारात असे. फुकट खवा खात, अण्णांच्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, राजा हाय आपला, वाघ हाय. एकतीस रेघा झाल्या त्या दिवशी नाना, म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ, भिंतीसमोर उभे राहून लोकांना रेघा दाखवत होते, जणू त्यांनीच मारल्या होत्या. त्यांपैकी अकरा रेघांवर टिंब होतं. ते नानांनी कुणाला दाखवलं नाही. विचारणाराही कुणी नव्हता.

आणि त्यानंतर भिंत कोरी. अण्णा भिंतीकडं तोंड करून पडत. पहिल्या वेळी एकोणतीस दिवस, दुसऱ्या वेळी त्रेचाळीस. भाकरीचा तुकडा हातात दिला तर तो हातातच राही. ज्यांनी तीन महिने खवा खाल्ला होता, त्यांच्यातला एकही जण छपराखाली आला नाही. ह्याला मात्र गावानं आजार म्हटलं. ह्यावर उपाय झाले. माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडं आलेली आणि घरात तिच्या शब्दापुढं कुणाचा शब्द नाही अशी, तिनं तीन ताईत, अकरा लिंबं आणि एक काळा कोंबडा एवढं सगळं केलं. गावातल्या एका शहाण्यानं अण्णांना गार पाण्याच्या हौदात बसवायला सांगितलं. आमच्या लोकांना कोणत्याही गोष्टीचा उपाय येतो, फक्त गोष्ट काय आहे ते विचारायचं सुचत नाही.

मग जवळच्या मोठ्या गावातल्या एका डॉक्टरांकडं नेलं. ते भले होते, घाईत होते. अण्णा पडून असतात एवढंच त्यांना सांगण्यात आलं, म्हणून पडलेल्या माणसाला उठवायची गोळी त्यांनी दिली. बाराव्या दिवशी अण्णा उठले. सोळाव्या दिवशी चौदा रेघा, विसाव्या दिवशी तेवीस. आत्यानं गूळ वाटला, नानांनी गोळ्या उकिरड्यात टाकल्या, आणि गावानं जाहीर केलं की माणूस बरा झाला. हे असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा भिंत कोरी झाली तेव्हा आईला अण्णा विहिरीच्या काठावर सापडले. चार दिवसांनी पुन्हा तिथंच. आई कधी मोठ्यानं बोलायची नाही. त्या दिवशी तिनं नानांच्या दारात जाऊन एवढंच म्हटलं, "भावजी, सोलापूरला मोठा डॉक्टर हाय म्हणतात. तुमी न्हाय आलात तर म्या पोरीला घिऊन एकली जाते." नाना आले. मला नेलं, कारण लिहिता-वाचता येणारी मीच.

सोलापूरचे डॉक्टर बारीक, हळू बोलणारे. त्यांनी अण्णांना पाहिलं, आईला चार प्रश्न विचारले, आणि मग असा एक प्रश्न विचारला, जो तोवर कुणीही विचारला नव्हता.

"बरे असतात तेव्हा कसे असतात?"

नाना खुर्चीत पुढं सरकले. "बरा असला की वाघ असतोय साहेब. ऐकत न्हाय कुणाला."

"झोपतात किती?"

"झोपायला टाइम कुठाय त्याला. कामाचा माणूस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नक्की किती?"

नाना छताकडं पाहायला लागले. मी म्हटलं, "दीड तास. कधी दोन." आणि वही पुढं केली. त्यांनी मागची सगळी पानं पाहिली. रेघांवरून बोट फिरवत गेले, दहा, सतरा, एकतीस, मग कोरी पानं, मग पुन्हा दहा. टिंबं कसली विचारलं. मी सांगितलं.

"हे एकतीस आणि ही कोरी पानं, हा एकच आजार आहे," ते म्हणाले. "तुम्ही त्याची एक बाजू डॉक्टरकडं नेता आणि दुसरी बाजू मिरवता. बायपोलर म्हणतात ह्याला. मन वर जातं, मग खाली जातं. मधे राहत नाही."

नानांना राग आला. "एकतीस घाणे काढणं ह्यो आजार व्हय?"

"त्यातले अकरा जाळले ना?"

"ते व्हतंय गडबडीत."

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले. "गडबड हाच आजार आहे."

परतीच्या एसटीत नाना सबंध रस्ता म्हणत होते की ह्या डॉक्टरला धडधाकट माणूस बघवत न्हाय. ते त्यांना जन्मभर वाटत राहिलं. काही माणसांना एखादी गोष्ट समजावून सांगितली की ती समजत नाही एवढंच नव्हे, तर आधी जे थोडंफार समजलेलं असतं तेही निघून जातं.

डॉक्टरांनी लिथियमची गोळी दिली. सकाळ-संध्याकाळ. मला समोर बसवून त्यांनी चार ओळी लिहायला लावल्या: गोळी चुकवायची नाही. जेवणातलं मीठ कमी करायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. ठरलेल्या दिवशी रक्त तपासायचं. जुलाब-उलटी झाली, हात जास्त थरथरले, बोलणं जड झालं, तर गोळी थांबवून लगेच यायचं. मी विचारलं, मिठाचं का. त्यांनी मला मोठ्या माणसासारखं उत्तर दिलं, हे मी त्यांचं विसरले नाही. म्हणाले, "ही गोळी म्हणजे पण एक क्षारच आहे. मिठाचा चुलतभाऊ समज. शरीराला मीठ कमी पडलं की ते ह्या चुलतभावाला धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. मग तो साठतो. थोडा असला की औषध, साठला की विष." मी दुसऱ्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. आता माझा एक पुतण्या मला मोबाइलवरून दाखवतो की लिथियम बॅटरीत घालतात, मग माणसाला कसं देतात. मी त्याला म्हटलं, लोखंडाची कढई असते तशी पालकातही लोखंड असतं. तो म्हणाला, तसं न्हवं काकी. आमच्याकडं मोबाइल आले, बाकी काही आलं नाही.

पुढचे सात महिने भिंतीवर नऊ, दहा, दहा, आठ, दहा असं चाललं. अण्णा सात तास झोपत. सकाळी चुलीपाशी बसून आमटीत भाकरी कुस्करत, ठेचा जास्त झाला तर आईला बोलत, आणि दुपारी छपराखाली कंबर टेकत. त्यांचा हात थोडा थरथरायचा, चहाची बशी किंचित वाजायची, पण उलथनं पाऊण तास चालायचं. आई दोन-तीनदा नुसतीच हसताना दिसली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझे वडील मुळात अबोल आहेत. गावाला हे आवडलं नाही. फुकट खवा बंद झाला होता. एसटी थांब्यावर तमाशा बंद झाला होता. "अण्णाचं पाणी गेलं," लोक म्हणत. "गोळ्यांनी बैल केला त्याचा." बैल रोज कामाला येतो आणि कुणाची लुगडी फाडत नाही, पण गावाला वाघ हवा होता, कारण वाघाच्या घरात त्यांना राहायचं नव्हतं.

फाल्गुन सरत आला तेव्हा आत्यानं एका दुपारी, आम्ही सगळे जेवत असताना, सांगितलं, "पाडव्यापासून पुनवंपतूर दत्तू अळणी खाईल. म्या बोलले व्हते आईला. भाऊ बरा झाला तर पंधरा दिस मीठ सोडील आन् पायी येईल." दत्तू म्हणजे अण्णा. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, त्या देवीला ती आई म्हणायची. आमच्या भागात असा नवस नवा नव्हता. मीठ सोडणं हे सगळ्यात कठीण मानलं जाई, म्हणून सगळ्यात मोठं काम झालं की मीठच सोडत.

मी घास खाली ठेवला. "आत्या, डॉक्टरांनी मीठ कमी करू नका म्हणलंय."

"का?"

ह्या 'का'वर मी आजही येऊन थांबते. उत्तर मला पाठ होतं. पण मी ते उत्तर दिलं असतं, गोळी हाही एक क्षार आहे, मिठाचा चुलतभाऊ आहे, असं म्हटलं असतं, तर पुढचं आत्यानं काय केलं असतं तेही मला स्पष्ट दिसत होतं. जी बाई अळणी उपवासाला शेंगदाण्याच्या चटणीला मिठाचा हात लागला म्हणून ताट परत पाठवायची, तिनं मिठाचा चुलतभाऊ पंधरा दिवस घरात राहू दिला नसता. गोळी बंद. आणि गोळी बंद म्हणजे एकतीस, आणि मग विहीर. म्हणून मी अर्धंच सांगितलं.

"का ते न्हाय सांगितलं."

आत्या हसली. नाना तेव्हा भाकरी खायला आलेले असायचेच, तेही हसले. "डॉक्टरला का ते ठाऊक नसतंय आन् हिनं वहीत लिवलंय. मीठ न खाऊन कोण मेलंय का आजवर?" आईनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. तिला तरी एकांतात सांगायला हवं होतं. आई तोंडानं आत्याला काही म्हणणार नाही, आणि न म्हणता तिच्या तोंडावर सगळं दिसेल, असा हिशेब मी केला. पंधरा वर्षांच्या मुलीला आपला हिशेब फार पक्का वाटतो.

मी दुसरा हिशेब केला होता. पाडव्याला सगळ्यांना पुरणपोळी होती आणि अण्णांना अळणी वरण-भाकरी. आई पीठ मळायला बसली आणि मधेच परातीपासून उठून पाण्याला गेली, तेवढ्यात मी अण्णांच्या भाकरीच्या पिठात मिठाची चिमूट टाकली. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी घास तोंडात घेतला, थांबले आणि तो उंबऱ्याबाहेर जाऊन थुंकून आले.

"सिंधू, हे तू केलंस?"

"व्हय अण्णा."

ते रागावले नाहीत. माझ्या शेजारी बसले आणि हळू म्हणाले, "म्या लई लोकांना फशिवलं गं. तुझ्या आईला, गावाला. बरं झालो म्हणून फशिवलं, काय काय करीन म्हणून फशिवलं. एवढी एक गोष्ट तरी बोलल्यापरमानं होऊ दे." त्यांना बरं राहायचं होतं आणि बरं राहण्याची किंमत आपण प्रामाणिकपणे चुकती करावी असं वाटत होतं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. आत्या दारात उभी होती. मी गप्प राहिले. त्या दिवसापासून अण्णांचं पीठ आत्या स्वतः मळू लागली.

चैत्राचं ऊन, भट्टीची धग, अंगातून सतत घाम, आणि पोटात मीठ नाही. सहाव्या दिवशी चहाची बशी वाजायची ती कप पडेपर्यंत वाजायला लागली. नवव्या दिवशी उलथनं हातातून सुटून कढईत गेलं. भिंतीवर सहा रेघा, मग चार. अकराव्या दिवशी जुलाब सुरू झाले. मी वही आणून चौथी ओळ मोठ्यानं वाचली. नाना म्हणाले, "नवस लागू पडतोय. गोळ्यांचं इतक्या दिसांचं विष उतरायलंय." आत्या म्हणाली, "चार दिस ऱ्हायले. पुनव झाली की जावा सोलापूरला." गोळी मात्र चालू होती. ती देणं माझ्याकडं होतं. जुलाब झाले तर गोळी थांबवा, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि तरी मी ती देत राहिले, कारण मला विहिरीची भीती सगळ्यांत जास्त होती. गावाला मी जन्मभर मूर्ख म्हणत आले. त्या पंधरवड्यातल्या शेवटच्या आठ गोळ्या मी दिल्या, हाही आकडा त्याच वहीत आहे.

पौर्णिमेला पहाटेच निघालो. चौदा किलोमीटर. अण्णा मधे, एका बाजूनं आई, दुसऱ्या बाजूनं नाना, पुढं आत्या कुंकवाचं ताट घेऊन. रस्ता माणसांनी भरलेला, हलगी वाजत होती, बैलगाड्या, जीपगाड्या, डोक्यावर गाठोडी. दहाव्या किलोमीटरला अण्णांचे पाय एकमेकांत अडकू लागले. देवळाची टेकडी दिसू लागली तेव्हा ते रस्त्यातच बसले. सबंध अंग थरथरत होतं, मान हलत होती, जीभ जड झाली होती. दोन बायांनी पाहिलं आणि हात जोडले. "आली गं, आईच आली अंगात." क्षणात गोल झाला. हलगीवाला जवळ आला. कुणी तरी अण्णांच्या कपाळावर मूठभर कुंकू लावलं, कुणी पायावर डोकं ठेवलं. ज्या लोकांना तो माणूस बैल झाला म्हणून नकोसा होता, त्यांना तो आता पुन्हा हवा होता.

आत्यानं पदर पसरला. "आई, काय चुकलं का आमचं? सांग, बोल."

अण्णांचे ओठ हलले. "पा...णी."

"पाणी मागितलं आईनं," नाना ओरडले. आणि लोकांनी पाणी आणलं. तीन तांबे आणले, आणि तिन्ही अण्णांच्या पायांवर ओतले.

इतकी वर्षं झाली, मी अनेक प्रकारची मूर्ख माणसं पाहिली, काही माझ्याच घरात आहेत, पण ते तीन तांबे मला अजून कुणी मागं टाकलेले दिसले नाहीत. माणूस पाणी म्हणाला होता.

माझ्या आईनं चौथा तांब्या एकाच्या हातातून काढून घेतला. आत्या मधे होती. आई तिला म्हणाली, "वन्सं, व्हा बाजूला." आत्या हलली नाही. आईनं तिला खांद्यानं सारलं. एकवीस वर्षांच्या संसारात तिनं आत्याच्या अंगाला लावलेला तो पहिला हात. मांडी घालून ती धुळीत बसली, अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं, घोट-घोट पाणी पाजलं आणि मला म्हणाली, "गाडी बघ." यात्रेकरू उतरवून रिकामी परत निघालेली एक काळीपिवळी जीप मी अडवली. ड्रायव्हर म्हणाला, "देवीचं झाड हाय, म्या न्हाय न्हेणार, काय झालं तर." ज्याच्या अंगात देवी येते त्याला आमच्याकडं झाड म्हणतात. मी म्हटलं, "देवी न्हाय, औषध चढलंय." हे ऐकून तो लगेच तयार झाला. औषधाला तो घाबरत नव्हता. आत्या ताट घेऊन मागच्या बाकावर चढली. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

सोलापूरला रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं लिथियम एकच्या आत हवं ते दोनच्या बरंच पुढं गेलंय, मूत्रपिंड थकलंय, काही सांगता येत नाही. सलाईन लावलं. मी बाटल्या मोजायला लागले, दुसरं काही हातात नव्हतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"तुला लिहून दिलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"का ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोळी बंद केली असती."

त्यांनी रक्ताच्या तपासणीचा कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "बंद केली असती तर निदान हे झालं नसतं." माझा चेहरा पाहून त्यांनी पुढं जोडलं, "दुसरं झालं असतं कदाचित. पण अर्धं सांगू नये. अर्ध्या माहितीवर माणसं जास्त जोरात चालतात." हे मला आजवर कुणी बोललेलं सगळ्यांत कठोर वाक्य आहे, आणि त्यांनी ते अगदी मऊ आवाजात म्हटलं होतं.

चौथ्या बाटलीच्या वेळी आत्यानं नर्सबाईंना विचारलं, "ह्यात काय असतंय बाई?"

"मिठाचं पाणी, आजी. दुसरं काय."

आत्या ताठ झाली. पौर्णिमा अजून सरली नव्हती, दर्शन झालं नव्हतं, आणि भावाच्या अंगात थेंब-थेंब मीठ चाललं होतं. ती तासभर त्या बाटलीकडं पाहत बसली. मला वाटलं, आता तिला काही तरी कळेल. मग ती आईकडं वळून म्हणाली, "तोंडानं न्हाय खाल्लं त्यानं. नवस मोडत न्हाय." आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. सहाव्या दिवशी अण्णा उठून बसले, तोपर्यंत तिच्या मनात सगळं पक्कं बसलं होतं: नवस पुरा झाला, म्हणून येडेश्वरी आईनं वाचवला. गावाची दुसरी गोष्ट तिथून निघाली. अकरा बाटल्यांचा त्या गोष्टीत उल्लेख नाही.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी, गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली होती, तेव्हा भट्टीपाशी मी अण्णांना सगळं सांगितलं. चुलतभाऊ, अर्धं उत्तर, शेवटच्या आठ गोळ्या. ते भिंतीकडं पाहत ऐकत होते.

"म्हंजे ती गोळी बी मीठच."

"मिठाच्या घरातली."

"म्हंजे पंधरा दिस रोज दोन वक्ताला म्या नवस मोडत व्हतो."

"व्हय."

"आन् तुझी चिमूट तेवढी थुकली."

ते हसले. त्यांचं न थांबणारं हसणं मी पाहिलं होतं आणि महिनोन्‌महिने काहीच नसणंही पाहिलं होतं. हे हसू आलं, थोडा वेळ राहिलं आणि आपोआप संपलं. "अक्काला नगं सांगू," ते आत्याबद्दल म्हणाले. आम्ही सांगितलं नाही. नवस फळला ह्या समजुतीत आत्यानं पुढं गोळीही देवीचीच मानली, आणि जिवंत होती तोवर अकरा वर्षं, सकाळी आणि संध्याकाळी, स्वतःच्या तळहातावर ठेवून ती अण्णांना देत राहिली. एकदाही चुकली नाही. तिला खरं सांगावं असं मला कधी वाटलं नाही, आणि ह्यात दया किती आणि तिरस्कार किती हे मात्र मला मोजता आलेलं नाही.

त्या दिवशी अण्णांनी पुन्हा उलथनं हातात घेतलं. हाताची थरथर आता कायमची राहणार होती. एका कढईला पाऊण तासाच्या जागी सव्वा तास लागत होता, मधे दोनदा ते टेकले, आई दांडा धरायला पुढं झाली तर तिला मानेनंच नको म्हणाले. संध्याकाळी मी भिंतीवर रेघा मारल्या. चार. एकतीस घाण्यांचं गावाला पाठ आहे. ह्या चारांबद्दल मला आजवर कुणी विचारलं नाही. त्यांच्यातल्या एकाही रेघेवर टिंब नव्हतं.